बल्ब समोरासमोर: लॅबमधलं सेंट्रीफ्यूज कसं वापरावं, कसं सांभाळावं

ज्वारी राखायला माळ्यावर उभं राहून ज्याने कधी गोफण फिरवली आहे, त्याला सेंट्रीफ्यूजचं अर्धं शास्त्र आधीच कळलेलं असतं. दगड बाहेर ओढतोय असं हाताला वाटतं. खरं तर दगडाला सरळ जायचं असतं आणि दोरी त्याला सारखी वळवत असते. दोरीचं एक टोक सोडलं की दगड सरळ रेषेत सुटतो. पॅथॉलॉजी लॅबच्या कडप्प्यावर घूंऽऽ करत फिरणाऱ्या डब्यात हेच चाललेलं असतं. दोरीच्या जागी धातूचा रोटर, म्हणजे बल्ब धरून फिरणारं चक्र, आणि दगडाच्या जागी कुणाच्या तरी रक्ताचा बल्ब, म्हणजे सॅम्पलची छोटी नळी. फरक इतकाच की इथे दगड सुटू द्यायचा नसतो.

वीसेक वर्षं मी या मशीनशेजारी उभा आहे. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून नवीन आलेली मुलं ॲनालायझरला, म्हणजे रक्त तपासणाऱ्या मशीनला, हात लावताना दहा वेळा विचारतात, सेंट्रीफ्यूजला एकदाही विचारत नाहीत. ‘सर, त्यात काय, मिक्सरसारखं तर आहे.’ त्या वाक्याला हे थोडं सविस्तर उत्तर.

मुळात हे मशीन लागतं कशाला? गोठू न दिलेलं रक्त नळीत नुसतं उभं ठेवलं तरी तांबड्या पेशी आपोआप खाली बसतात, कारण त्या भोवतीच्या प्लाझ्मापेक्षा, म्हणजे रक्तातल्या द्रवापेक्षा, जड असतात. ईएसआर म्हणजे हेच मोजणं: तासाभरात पेशींचा थर किती मिलिमीटर खाली आला. निरोगी माणसात तो साधारण वीसच्या आतच असतो. या गतीने वाट बघत बसलो तर सकाळच्या पेशंटचे रिपोर्ट दुसऱ्या दिवशीही निघायचे नाहीत. म्हणून आपण गुरुत्वाकर्षण उसनं आणतो, तेही हजारपट. दहा मिनिटांत पेशी तळाला आणि वर पिवळसर, नितळ सिरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटणारा द्रव.

‘हजारपट’ हा आकडा कसा काढायचा ते एकदा हाताने करून बघा. मशीनवर आरपीएम लिहिलेला असतो, म्हणजे मिनिटाला किती फेरे. पण पेशींना फेऱ्यांशी देणंघेणं नसतं, त्यांना कळते ती ओढ, गुरुत्वाकर्षणाच्या किती पट ते, ज्याला आपण ‘जी’ म्हणतो. आरपीएम हजारात घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला सेंटिमीटरमधल्या त्रिज्येने गुणा आणि आलेल्या आकड्याला ११.१८ ने गुणा. त्रिज्या म्हणजे मधल्या दांड्यापासून बल्बच्या तळापर्यंतचं अंतर. स्विंग बकेट (बल्ब ठेवायची लटकती बादली, फिरताना आडवी होणारी) असेल तर बकेट आडवी झाल्यावरचं अंतर धरायचं, लटकलेली असतानाचं नाही. समजा ३००० आरपीएम आणि १५ सेंटिमीटर. तीनचा वर्ग ९, गुणिले १५, गुणिले ११.१८, म्हणजे साधारण १५०० जी. तेच ३००० आरपीएम १० सेंटिमीटरच्या छोट्या मशीनवर फक्त १००० जी देतं. ‘आमच्या जुन्या लॅबमध्ये तीन हजारवर दहा मिनिटं फिरवायचो’ या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. कुठल्या मशीनवर, ते सांगा.

यात वर्ग आहे हे विसरू नका. घाई आहे म्हणून नॉब ३००० वरून ३६०० वर नेला, तर वेग २० टक्क्यांनी वाढतो, पण ओढ ४४ टक्क्यांनी. बल्ब, बकेट, बकेटची पिन, रोटर, सगळ्यांवर ४४ टक्के जास्त भार. जेल (पेशी आणि सिरम यांच्यामध्ये थर धरणारा चिकट पदार्थ) असलेल्या बल्बसाठी साधारण १००० ते १३०० जी सांगितलेलं असतं, स्विंग बकेटमध्ये १० मिनिटं, तिरक्या भोकांच्या रोटरमध्ये १५. तिरक्या रोटरमध्ये जेलचा थरही तिरका बसतो, त्याला वेळ जास्त लागतो. सूत्र उलटं चालवलं तर १२०० जी साठी १५ सेंटिमीटरच्या मशीनला सुमारे २६७५ आरपीएम पुरतो. हा आपल्या मशीनचा आकडा एकदा काढून झाकणावर चिकटवून टाका, रोज गणित करायची गरज नाही.

फिरवण्याआधीची अर्धी लढाई घड्याळाशी असते. प्लेन बल्बमधलं (ज्यात रक्त गोठू न देणारं औषध नसतं) रक्त आधी नीट गोठू द्यायचं, साधारण अर्धा तास. रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा हेपॅरिन चालू असलेल्या पेशंटचं त्याहून जास्त वेळ घेतं. घाई केली तर सिरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात आणि ते ॲनालायझरच्या नळीत अडकतात. मग सगळे ॲनालायझरला शिव्या देतात. उलट बाजूने, दोन तासांपेक्षा जास्त वेळ सिरम पेशींवर तसंच ठेवलं तर पेशी साखर खात राहतात आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. पेशंटला काही झालेलं नसतं, रिपोर्ट मात्र डॉक्टरांना पळवतो. जेलचा बल्ब एकदा फिरवून झाल्यावर ‘अजून थोडं सिरम निघेल’ म्हणून पुन्हा फिरवणं हाही तोच गुन्हा, कारण जेलखालचं पोटॅशियम वर येतं. (सिरम लाल दिसलं की दोष सेंट्रीफ्यूजवर ढकलायची पद्धत आहे. बहुतेक वेळा पेशी रक्त काढतानाच फुटलेल्या असतात, बारीक सुई किंवा जोरात ओढलेली सिरिंज.)

तोल म्हणजे वजन, उंची नव्हे

अर्ध-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये एकटी ओली चादर टाकली की मशीन धाडधाड करत मोरीतून बाहेर यायला बघतं. हे घरोघरी पाहिलेलं आहे. सेंट्रीफ्यूजमध्ये हाच प्रकार होतो, फक्त दुप्पट-तिप्पट वेगाने आणि काचेसकट.

१५०० जी म्हणजे दहा ग्रॅमचा बल्ब फिरताना पंधरा किलोचा होतो. समोरासमोरच्या दोन बल्बांत एका ग्रॅमचा फरक असेल, तर मधल्या दांड्याला दीड किलोचा हिसका बसतो, आणि ३००० आरपीएमला सेकंदाला पन्नास वेळा त्याची दिशा बदलते. बेअरिंग हेच सोसतं. मशीन त्या दिवशी मोडत नाही, दोन वर्षांनी मोडतं, आणि तेव्हा कुणाला काही आठवत नाही.

‘बल्ब समोरासमोर ठेवायचे’ हे सगळ्यांना पाठ असतं. चुकतं ते पुढे. डोळ्यांनी उंची सारखी दिसली म्हणजे वजन सारखं झालं असं नाही. एक बल्ब काचेचा, समोरचा प्लास्टिकचा. एकाला रबरी बूच, दुसऱ्याला पातळ टोपण. तोल साधायला ठेवलेल्या बल्बात पाणी असेल तर तेही रक्तापेक्षा किंचित हलकं असतं, पाच मिलीला साधारण तीन दशांश ग्रॅमचा फरक पडतो. मशीन एवढं सहन करतं, किती सहन करतं ते त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण त्याच्यावर बुचाचा फरक, त्याच्यावर एका भोकातलं हरवलेलं रबर कुशन, असं साठत जातं. कुशनचं तर मला विशेष सांगायचं आहे. बल्ब बदलताना ते बल्बाला चिकटून बाहेर येतं, कचऱ्यात जातं आणि कुणाला पत्ता लागत नाही. मग बल्ब थेट धातूवर टेकतो. पंधरा किलोच्या भाराखाली काच धातूवर टेकली की पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

लॅबमध्ये एक छोटा तराजू असतोच, दोनशे रुपयांचा किचनचा असला तरी चालेल. जोड्या त्यावर लावा. चार दिवसांनी हाताला सवय होते.

आता विषम संख्येचं कोडं. आठ भोकांच्या रोटरमध्ये सारख्या वजनाचे तीन बल्ब कसेही ठेवा, तोल साधत नाही, चौथा पाण्याचा घालावाच लागतो. पण बारा भोकांच्या रोटरमध्ये तीन बल्ब बिनधास्त फिरतात: १, ५ आणि ९ नंबरच्या भोकांत, चुलीच्या तीन दगडांसारखे. पाच हवेत? तेच तीन, आणि २ व ८ मध्ये समोरासमोरची जोडी. सात? अजून एक जोडी ४ आणि १० मध्ये. बारा भोकांत फक्त दोन संख्या जमत नाहीत, एक आणि अकरा. एकाला समोर कुणी नाही, आणि अकरात रिकाम्या भोकाला समोर रिकामं भोक नाही. रात्रपाळीला सॅम्पल नसले की मुलांना हे सोडवायला देतो.

स्विंग बकेटच्या मशीनमध्ये चारही बकेट लावलेल्या हव्यात, दोन रिकाम्या असल्या तरी. बकेटवर बहुधा नंबर किंवा वजन कोरलेलं असतं, ते जोडीने जुळवलेलं असतं. धुऊन परत लावताना १ समोर ३ च आली पाहिजे. एका बकेटमध्ये चार-पाच बल्ब बसत असतील तर सगळे एका कडेला कोंबू नका, बकेट सरळ उचलली जात नाही, तिरकी अडकते.

झाकण, हात आणि ओढणी

माझ्या पहिल्या नोकरीतलं मशीन झाकण उघडं असतानाही फिरायचं. मोटर बंद केली की रोटर थांबायला दोन मिनिटं घ्यायचा, आणि तेवढा धीर कुणाला? सिनियर तळहात टेकवून थांबवायचे, मीही शिकलो. एके दिवशी बकेटच्या कडेने बोट धरलं. तीन टाके पडले. १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरची कड ३००० आरपीएमला ताशी १७० किलोमीटरने जात असते. शेवटच्या फेऱ्यांत ती हळू वाटते, पण जड रोटरचा शेवटचा फेराही बोटापेक्षा जड असतो. शिवाय हाताने थांबवलं की हिसक्याने खाली बसलेल्या पेशी पुन्हा वर ढवळून येतात, म्हणजे बोटही गेलं आणि सिरमही.

आताच्या मशीनला झाकणाचं कुलूप असतं, रोटर थांबेपर्यंत उघडत नाही. ते बिघडलं की कागदाची घडी किंवा चिकटपट्टी घालून ‘चालवून घेणारे’ महाभाग मी पाहिले आहेत. कुलूप बिघडलं म्हणजे मशीन बंद, दुरुस्त होईपर्यंत. ओढणी, मंगळसूत्र, गळ्यातल्या आयकार्डची दोरी ॲप्रनच्या आत. मशीन भोवती चारी बाजूंनी किमान ३० सेंटिमीटर जागा मोकळी, कारण तोल गेला तर ते सरकतं. त्याच्यावर किंवा शेजारी ॲसिडच्या बाटल्या ठेवू नयेत. ईथर, ॲसिटोनसारखं पेट घेणारं काही साध्या मशीनमध्ये फिरवू नये, मोटरला वीज पोचवणाऱ्या ब्रशपाशी ठिणग्या उडत असतात.

बटण दाबल्यावर लगेच चहाला जायचं नाही. ठरलेल्या वेगाला पोचेपर्यंत शेजारी उभं राहायचं. सुरुवातीच्या कमी वेगात एक हलका थरकाप येतो आणि जातो, ते साहजिक आहे. वेग वाढूनही थरथर राहिली, आवाज बदलला, मशीन कडप्प्यावर चालायला लागलं, तर आधी बंद करायचं आणि मागे सरायचं. माणसाचा पहिला विचार असतो मशीन दोन्ही हातांनी दाबून धरायचा. तो आवरायचा.

बल्ब फुटला तर

टक्क असा आवाज येतो, कधी काचेचा खुळखुळाट. लगेच बंद करा, पण झाकण उघडू नका. रोटर थांबल्यावरही अर्धा तास तसंच ठेवा. फुटलेल्या बल्बातलं रक्त आत नुसतं सांडत नाही, बारीक तुषार होऊन हवेत तरंगतं. कावीळ बी, एचआयव्ही, क्षय, कुठल्या सॅम्पलमध्ये काय आहे ते आपल्याला माहीत नसतं. थांबल्यावर झाकण उघडल्यानंतर फुटलेलं दिसलं, तर झाकण पुन्हा लावा आणि अर्धा तास तिथून मोजा. बाहेर पेशंट बसलेले असतात, मालक घड्याळ बघत असतो, आणि याच अर्ध्या तासाला सगळे काट मारतात.

त्यानंतर जाड हातमोजे, मास्क, चष्मा. काच चिमट्याने उचलायची, बोटांनी नाही, आणि निळ्या खुणेच्या, सुई-काच आरपार न जाणाऱ्या डब्यात टाकायची. कुशन बाहेर काढून त्याच्याखाली बघायचं. तिथे राहिलेली एक कपची पुढचा बल्ब फोडते, मग तो अजून कपच्या ठेवतो, आणि ‘या भोकात बल्ब फुटतातच’ अशी त्या भोकाची ख्याती होते.

आणि आता हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं जंतुनाशक. रक्त सांडलं की हायपो ओतायचं हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे, फरशीसाठी ते बरोबरच आहे. पण रोटर आणि बकेट बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात, आणि हायपो ॲल्युमिनियम खातं. धातूला मंजनाच्या दाण्याएवढे खड्डे पडतात, आणि फिरताना सगळा ताण त्या खड्ड्यांच्या तळाशी एकवटतो. तडा तिथून सुरू होतो. म्हणून मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं, धातू न खाणारं जंतुनाशक वापरा. एरवीच्या पुसण्याला ७० टक्के अल्कोहोल पुरतं, ते पूर्ण वाळल्याशिवाय मशीन मात्र चालू करू नका. हायपोच वापरावं लागलं तर काही मिनिटांत स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडं करून ठेवायचं. तारेची घासणी अजिबात नाही, ती वरचा संरक्षक थरच खरवडते.

रोटर तुटला तर काय होतं याची एक नोंद जगभरच्या लॅबवाल्यांना शिकवली जाते. १६ डिसेंबर १९९८, अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ. अल्ट्रासेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे अतिवेगाने फिरणाऱ्या मोठ्या सेंट्रीफ्यूजमध्ये, दुधाचे नमुने फिरत होते, ॲल्युमिनियमचा मोठा रोटर, तोच रोटर याच कामाला त्याआधी बरेचदा वापरलेला. सुमारे तासाभराने तो ताणाखाली फुटला. वरचा अर्धा इंच जाडीचा पोलादी दरवाजा वाकला, तुकडे बाहेर आले, शेजारचा फ्रीज आणि डीप फ्रीझर निकामी झाले, भिंतीला आणि छताला भोकं पडली, हवेच्या धक्क्याने खोलीच्या चारही खिडक्यांच्या काचा फुटल्या. खोलीत त्या वेळी कुणी नव्हतं, म्हणून कुणाला इजा झाली नाही. आपल्या गावातल्या लॅबचं मशीन त्याच्यापुढे लहान पोर आहे, हे खरं. पण नियम तोच: धातू थकतो. प्रत्येक फेरीत तो किंचित ताणला जातो आणि सैल होतो. मोठ्या मशीनच्या रोटरला म्हणूनच फेऱ्यांची किंवा वर्षांची मुदत असते, ती संपली की दिसायला नवाकोरा असला तरी बाद. (जाता जाता: जीवशास्त्राच्या पुस्तकात ७०एस, ८०एस रायबोसोम वाचलेले असतात. तो ‘एस’, म्हणजे कण फिरवताना किती वेगाने खाली बसतो त्याचं एकक, स्वीडनचे शास्त्रज्ञ थिओडोर स्वेडबर्ग यांच्या नावाचा. अल्ट्रासेंट्रीफ्यूज त्यांनी घडवलं, १९२६ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.)

देखभाल: फडका, ग्रीस आणि कान

रोजची देखभाल फार मोठी नाही. दिवसाच्या शेवटी आतलं भांडं आणि रोटर पुसायचा. आठवड्यातून एकदा रोटर काढून खालचा दांडाही पुसायचा, आणि बसवताना नट नीट आवळला आहे का ते दोनदा बघायचं. बकेट ज्या पिनांवर झुलते तिथे कंपनीने सांगितलेलं ग्रीस अगदी थोडं, बोटाच्या टोकावर मावेल एवढं. पिन कोरडी पडली की बकेट अडकत उचलली जाते आणि तोल सगळा बिघडतो. बेअरिंगमध्ये मात्र शिवणयंत्राचं तेल सोडायचा मोह आवरा, बहुतेक बेअरिंग बंदिस्त असतात. गार करणारं मशीन असेल तर बंद केल्यावर आतलं पाणी पुसून झाकण उघडं ठेवायचं.

साध्या मशीनच्या मोटरला दोन बाजूंना कार्बन ब्रश असतात. ते पेन्सिलीसारखे झिजत जातात. वेग वर-खाली होऊ लागला, जळका वास आला, आत काळी पूड दिसली की समजायचं. प्लग काढून, बाजूची टोपणं स्क्रू ड्रायव्हरने उघडून बघता येतं. पुस्तिकेत दिलेल्या लांबीपेक्षा आखूड झाले असतील तर दोन्ही एकदम बदलायचे, एक नवा एक जुना चालत नाही. जुनेच परत बसवणार असाल तर ज्या बाजूने काढले त्याच बाजूने, त्यांची झिजलेली गोलाई तशीच जुळली पाहिजे. नवे घातल्यावर थोडा वेळ रिकामं मशीन कमी वेगात फिरवून ते बसू द्यावेत.

डायलवरच्या ३००० वर आंधळा विश्वास ठेवू नये. वर्षातून एकदा तरी टॅकोमीटरने, म्हणजे फेरे मोजणाऱ्या यंत्राने, खरा वेग मोजून घ्यावा, टायमर मोबाइलच्या स्टॉपवॉचशी ताडून बघावा, आणि दोन्ही वहीत लिहावं. मशीन सपाट आहे का हे गवंड्याच्या लेव्हलने बघता येतं. खालचे रबरी पाय कडक होऊन फुटले असतील तर तेही बदलावेत, शंभर-दोनशे रुपयांची गोष्ट असते.

आमच्या वहीत एक जास्तीचा रकाना आहे, कुणी सांगितलेला नाही, आम्हीच घातलेला. महिन्यातून एकदा रिकामा रोटर ३००० वर नेऊन, ब्रेक न लावता बंद करायचा आणि पूर्ण थांबायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. चांगल्या बेअरिंगवर हा आकडा महिनोन् महिने तोच राहतो. मागच्या पावसाळ्यात तो १३० वरून ११०, मग ९० वर आला. कानाला खरखर अजून ऐकू येत नव्हती. मेकॅनिकने मोटर उघडली तेव्हा खालच्या बेअरिंगमधलं ग्रीस काळं पडून कडक झालं होतं.